आयन पंपाची हालचाल कशी मोजावी: प्रकाश आणि विद्युतप्रवाह एकाच पेशीवर मोजू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पेशीपटलात बसलेला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत ३ सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो, २ पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्यापायी एटीपीचा १ रेणू खर्च करतो, एवढे उच्च माध्यमिकच्या पुस्तकातही असते. त्या पुस्तकातल्या आकृतीत पंपाचे तोंड एकदा आतल्या बाजूला आणि एकदा बाहेरच्या बाजूला उघडलेले दिसते. मधली हालचाल बाणाने दाखवून चित्रकार मोकळा होतो. त्या बाणाच्या जागी प्रथिनाचा कोणता भाग हलतो, किती मिलिसेकंदांत हलतो आणि ती हालचाल कोणत्या आयनाच्या सुटण्याशी बांधलेली आहे, हे मोजण्यासाठी पेशीचे विभवांतर हातात धरून एकाच वेळी विद्युतप्रवाह आणि प्रथिनाला चिकटवलेल्या रंगद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे उजेड पडल्यावर त्याने दिलेला प्रकाश, नोंदवली जाते. या पद्धतीला व्होल्टेज क्लॅम्प फ्लुओरोमेट्री म्हणतात. ती प्रथम १९९६ साली पोटॅशियम चॅनेलवर वापरली गेली आणि २००३ साली सोडियम-पोटॅशियम पंपावर यशस्वी झाली.

हा लेख गोव्यात ही पद्धत हाताळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, मग ते ताळगावच्या पठारावर असोत, झुआरीनगरला असोत की बांबोळीला. पुस्तकातली कृती थंड आणि कोरड्या हवेतल्या प्रयोगशाळेसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली ओल, खंडित होणारी वीज आणि समुद्राची खारट हवा यांचा हिशेब आधीच करावा लागतो, आणि तो न केल्यास दोष पंपाच्या माथी मारला जातो.

आधी पंप समजून घ्यावा

डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना हे विकर शोधले आणि त्यासाठी १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. खेकडाच का, हे गोव्यात समजावून सांगावे लागू नये. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पाण्याचा खारटपणा झपाट्याने उतरतो, तरी तिथली कुर्ली आपल्या रक्तातले मीठ राखून असते, कारण तिच्या कल्ल्यांमध्ये हाच पंप दाटीने बसलेला असतो. स्कौ यांना खेकड्याच्या मज्जातंतूत तो विपुल मिळाला.

पंपाच्या मोठ्या, म्हणजे अल्फा उपघटकाची साखळी पेशीपटल १० वेळा ओलांडते. त्याच्यासोबत बीटा हा लहान उपघटक असतो आणि त्याच्याशिवाय अल्फा पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही. फेरीतल्या मुख्य अवस्था ई१ आणि ई२ या नावांनी ओळखल्या जातात. ई१ मध्ये आयनांची जागा आतून मोकळी असते आणि ३ सोडियम तिथे बसतात. एटीपीचा फॉस्फेट गट एका ठरावीक अॅस्पार्टिक आम्लावर चढतो, सोडियम क्षणभर कोंडले जातात (ही ई१-पी अवस्था), मग पंप ई२-पी अवस्थेत जाऊन बाहेर उघडतो व सोडियम सोडतो. बाहेरचे २ पोटॅशियम बसले की फॉस्फेट निघतो आणि पंप पुन्हा आतल्या बाजूला वळतो.

नवख्याने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. विद्युतप्रवाह फक्त त्याच पायऱ्या दाखवतो ज्यांत विद्युतभार पेशीपटलाच्या विद्युतक्षेत्रातून सरकतो, आणि या पंपात ती मुख्यतः सोडियम बाहेर सुटण्याची किंवा परत बसण्याची पायरी आहे. प्रतिदीप्ती मात्र रंगद्रव्य जिथे चिकटवले आहे तिथल्या परिसराचा बदल दाखवते, मग तिथे विद्युतभार सरको वा न सरको. म्हणजे प्रवाह बोलतो पण जागा सांगत नाही, आणि प्रकाश जागा सांगतो पण तिथे काय घडले ते सांगत नाही. म्हणून दोन्ही एकाच पेशीवर, एकाच वेळी नोंदवण्याचा एवढा खटाटोप करायचा.

आकड्यांचीही जाणीव हवी. चॅनेलमधून १ पिकोअँपिअर प्रवाह वाहतो तेव्हा सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारी आयन जात असतात. पंपाच्या एका फेरीत निव्वळ १ विद्युतभार बाहेर जातो आणि सेकंदाला २५ फेऱ्या धरल्या तर २०० नॅनोअँपिअर प्रवाहासाठी सुमारे ५,००० कोटी पंप लागतात. एका पंपाचा प्रवाह मोजता येत नाही तो यामुळे, आणि प्रयोगासाठी १ मिलिमीटरहून मोठी, पृष्ठभाग भरपूर असलेली पेशी निवडली जाते तीही यामुळेच.

परवानग्या आणि बेडूक

ती पेशी म्हणजे झेनोपस लेव्हिस या दक्षिण आफ्रिकी नखवाल्या बेडकाची अंडपेशी. तिचा व्यास १ ते १.२ मिलिमीटर असतो. प्राण्यांवरील कामासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची आणि जनुकीय बदल केलेल्या रेणूंसाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी हाती आल्याशिवाय एकही बाटली मागवू नये, कारण मंजुरीला लागणारा वेळ प्रयोगापेक्षा जास्त असतो. दर पावसाळ्यात एखादा उत्साही विद्यार्थी विचारतोच, की शेतात एवढे बेडूक ओरडत असताना आफ्रिकेतला कशाला? स्थानिक मोठ्या बेडकांना पकडणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ‘जंपिंग चिकन’च्या नावाने ताटात जाणाऱ्या बेडकांवरून गोव्यात वनखाते दर वर्षी लोकांना तंबी देत असते. शिवाय या अंडपेशीविषयीचे पन्नासेक वर्षांचे मोजमाप फक्त झेनोपसला लागू आहे.

ज्या संस्थेत झेनोपस पाळलेले नाहीत, तिथल्या विद्यार्थ्याने ते असलेल्या संस्थेत महिनाभर जाऊन शिकणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. दरम्यानच्या काळात डुकराच्या मूत्रपिंडातून शुद्ध केलेले पंपयुक्त पटलतुकडे आणि आरएच४२१ हे पटलात बसणारे रंगद्रव्य घेऊन सरावाला सुरुवात करता येते. मात्र हे रंगद्रव्य प्रथिनाला चिकटत नाही, ते स्थानिक विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देते. म्हणजे प्रकाश वापरला तरी ते मुळात विद्युतीय मोजमापच असते, आणि त्याच्या आधारावर प्रथिनाचा अमुक भाग हलला असे लिहू नये.

रंगद्रव्याची जागा निवडणे

सगळ्या प्रयोगाचे यश इथे ठरते. रंगद्रव्य सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटते, म्हणून पंपाच्या बाहेरच्या बाजूला जिथे खूण हवी तिथे सिस्टीन घालावे लागते आणि आधीपासून बाहेरून पोचण्याजोगे असलेले सिस्टीन काढून टाकावे लागतात. मेंढीच्या अल्फा-१ उपघटकात असे दोन आहेत: ९११ आणि ९६४ या स्थानी. त्यांच्या जागी अनुक्रमे सेरीन आणि अॅलनीन घालतात. २००३ च्या कामात पेशीपटल ओलांडणाऱ्या पाचव्या आणि सहाव्या सर्पिलांना जोडणाऱ्या बाहेरच्या वळणावरचे ७९० क्रमांकाचे अॅस्परजिन काढून तिथे सिस्टीन बसवले होते. नवख्याने आपली जागा शोधण्याआधी हीच जागा वापरून प्रयोग जुळतो का ते पाहावे. स्वतःच्या जागेवर प्रकाश हलला नाही तर चूक जागेची, रंगद्रव्याची, प्रकाशमार्गाची की स्वतःच्या हाताची हे ओळखण्यासाठी एक खात्रीचा आधार असावा लागतो.

दुसरा बदल औआबेनच्या संदर्भातला आहे. औआबेन हे पंपाला बाहेरून घट्ट धरून बंद पाडणारे विष. आपल्या परसातली पिवळी कण्हेर विषारी आहे तीही याच कुळातल्या द्रव्यांमुळे, आणि तिच्या बियांनी हृदय बंद पडते ते याच पंपावरच्या परिणामातून. म्हणून औआबेन हातमोजे घालूनच हाताळावे. अंडपेशीत बेडकाचा स्वतःचा पंपही असतो. तो गप्प करून फक्त आपला पंप पाहायचा, तर आपला पंप औआबेनला कमी दाद देणारा हवा. मोठ्या उंदराचा अल्फा-१ निसर्गतः तसा असतो. त्याच्यावरून १११ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन आणि १२२ व्या स्थानी अॅस्परजिनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल घातले की मेंढीचा पंपही तसाच होतो. मग १० मायक्रोमोलर औआबेनमध्ये बेडकाचा पंप बंद आणि आपला चालू राहतो, तर १० मिलिमोलरमध्ये दोन्ही बंद पडतात. या दोन मात्रांमध्ये घेतलेल्या नोंदींची वजाबाकी हा संपूर्ण प्रयोगाचा कणा आहे.

अंडपेशींची तयारी

कॅल्शियम नसलेल्या द्रावणात कोलाजिनेज वापरून अंडपेशींभोवतालचा पुटक थर काढावा आणि पाचव्या-सहाव्या टप्प्यातल्या, काळ्या आणि फिकट अर्धगोलांमधली रेघ ठळक असलेल्या पेशी वेचाव्यात. विकराची धार प्रत्येक उत्पादन-तुकडीत वेगळी असते, म्हणून घड्याळावर न विसंबता दर दहा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकातून पाहावे. ओल्या हवेत वारंवार उघडलेली कोलाजिनेजची बाटली दोन महिन्यांत मंदावते. ती सुरुवातीलाच लहान वाटण्यांत विभागून गोठवावी.

प्रत्येक पेशीत अल्फा आणि बीटा दोन्ही उपघटकांचे सीआरएनए (पेशीकडून ते प्रथिन बनवून घेणारा, प्रयोगशाळेत तयार केलेला आरएनए) मिळून २५ ते ५० नॅनोलिटर टोचावे आणि पेशी १८ अंश सेल्सिअसला, जेंटामायसिन घातलेल्या द्रावणात ३ ते ५ दिवस ठेवाव्यात. द्रावण दररोज बदलावे, फुटलेली पेशी दिसताच उचलून टाकावी. १८ अंश हा आकडा गोव्यात फुकट मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये साधा वातानुकूलित कोपरा २४ अंशांखाली जात नाही आणि पेशी दुसऱ्याच दिवशी डागाळतात. थंड करणारा इन्क्युबेटर लागतोच, आणि तो विजेच्या बॅकअपवर असावा लागतो. दिनदर्शिकाही पाहावी. चवथीच्या आदल्या आठवड्यात टोचलेल्या पेशी नेमक्या माटोळी बांधायच्या दिवशी मोजण्यायोग्य होतात आणि प्रयोगशाळेत चिटपाखरू नसते. माझ्या अशा दोन तुकड्या वाया गेल्या; तेव्हापासून मी आधी पंचांग पाहतो, मग बेडूक.

प्रयोगाच्या दिवशी पेशीत सोडियम भरावे लागते, कारण आत पुरेसे सोडियम नसेल तर पंप फॉस्फेट घेतच नाही. ११० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि २.५ मिलिमोलर सोडियम सायट्रेट असलेल्या, कॅल्शियम नसलेल्या द्रावणात पेशी ४५ मिनिटे ठेवतात. कॅल्शियमअभावी पेशीपटल गळके होते आणि सोडियम आत जाते. त्यानंतर १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १ मिलिमोलर कॅल्शियम, ५ मिलिमोलर बेरियम आणि ५ मिलिमोलर निकेल असलेल्या द्रावणात किमान अर्धा तास ठेवून गळती बुजवतात. बेरियम पोटॅशियम चॅनेल अडवते आणि निकेल सोडियम-कॅल्शियम विनिमय थांबवते. निकेलचे द्रावण सिंकमध्ये ओतू नये.

आधी फक्त प्रवाह

रंगद्रव्याला हात लावण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे फक्त दोन-इलेक्ट्रोड व्होल्टेज क्लॅम्प (एक इलेक्ट्रोड विभवांतर वाचतो, दुसरा ते स्थिर ठेवण्यापुरता प्रवाह सोडतो) करावा, असा माझा आग्रह आहे. नवखे विद्यार्थी प्रकाशाकडे धावतात, कारण तो नवा आणि देखणा वाटतो. पण ज्याचा क्लॅम्प डळमळीत आहे त्याचा प्रकाशही डळमळीतच असणार.

बोरोसिलिकेट काचेचे इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडने भरावेत आणि त्यांचा रोध ०.५ ते १.५ मेगाओम ठेवावा. आतल्या चांदीच्या तारेवर क्लोराइडचा करडा थर चढवण्यासाठी घरगुती ब्लीचमध्ये ती वीसेक मिनिटे बुडवली तरी चालते. समुद्रकाठच्या हवेत हे थर लवकर बिघडतात, तेव्हा ते दर आठवड्याला नव्याने चढवावेत. दोन्ही इलेक्ट्रोड पेशीत घातल्यावर उणे ८० मिलिव्होल्टला गळती २०० नॅनोअँपिअरपेक्षा जास्त दिसली तर मी ती पेशी टाकून देतो; तिच्यावर घालवलेली दुपार परत मिळत नाही.

मग बाहेरच्या द्रावणात १० मिलिमोलर पोटॅशियम सोडावे. आपला पंप पृष्ठभागावर आला असेल तर बाहेरच्या दिशेचा स्थिर प्रवाह चढतो, चांगल्या पेशीत तो १०० ते ३०० नॅनोअँपिअर असतो, आणि १० मिलिमोलर औआबेनने तो उतरतो. हा प्रवाह दिसल्याशिवाय पुढची पायरी नाही.

५० हर्ट्झचा गुणगुणाट सर्वांनाच छळतो. ट्यूबलाइटचा चोक, पंखा, वातानुकूलन, इन्व्हर्टर एकेक करून बंद करत नेमका दोषी शोधावा आणि सर्व उपकरणांची अर्थिंग एकाच बिंदूवर आणावी. आमच्या इथे एका पावसाळ्यात आवाज दररोज वाढत होता. चार दिवस अॅम्प्लिफायरला दूषणे दिल्यावर ध्यानात आले, की उपकरणांभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याच्या अर्थिंगच्या तारेच्या टोकावर हिरवा गंज चढला होता.

त्यानंतर पोटॅशियम पूर्ण काढून टाकावे. १०० मिलिमोलर सोडियम आणि शून्य पोटॅशियम असताना पंप पूर्ण फेरी मारू शकत नाही. तो ई१-पी आणि ई२-पी या दोन अवस्थांमध्ये पुढेमागे होत राहतो. स्थिर प्रवाह शून्याजवळ येतो, पण विभवांतराची उडी दिली की क्षणिक प्रवाह दिसतो. उणे विभवांतर सोडियमला परत आत ढकलून ई१-पी कडे नेते, धन विभवांतर ई२-पी कडे. उणे ८० मिलिव्होल्टवरून अधिक ६० ते उणे १८० पर्यंत २० मिलिव्होल्टच्या अंतराने १३ उड्या, प्रत्येकी २०० ते ३०० मिलिसेकंद, आधी १० मायक्रोमोलर आणि मग १० मिलिमोलर औआबेनमध्ये नोंदवून त्यांची वजाबाकी करावी. उडी देताना सरकलेला भार आणि परत येताना सरकलेला भार समान निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर आपण पंप मोजत नसून गळती मोजत आहोत.

अंडपेशीची एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. तिच्या सुरकुतलेल्या पृष्ठभागाची धारिता सुमारे २०० नॅनोफॅरड असते, त्यामुळे विभवांतर स्थिरावायला वेळ लागतो आणि पहिल्या ३ ते ५ मिलिसेकंदांतले काहीही विश्वासाचे नसते. स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माणकीच्या जातकुळीतल्या प्राण्याच्या, जाड मज्जातंतूवर २००० साली ३ सोडियम एकामागोमाग सुटतानाचे तीन वेगवेगळे टप्पे पाहता आले. त्यांतले वेगवान टप्पे अंडपेशीत शोधू नयेत.

रंगद्रव्य चिकटवणे

टेट्रामिथाइलरोडामाइन-६-मॅलेमाइड हे नेहमीचे रंगद्रव्य. कोरड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये ५ मिलिमोलर साठा करून तो लहान वाटण्यांत उणे २० अंशांना ठेवावा. वापरताना १ : १,००० पातळ केला की ५ मायक्रोमोलर होतो आणि विद्रावक ०.१ टक्के राहतो. सोडियम भरून झालेल्या पेशी या द्रावणात अंधारात ५ मिनिटे ठेवून अनेकदा धुवाव्यात. द्रावणाचा सामू ७ ते ७.५ असावा, ८ च्या वर मॅलेमाइड पाण्याने विघटित होते आणि भलत्याच अमाइन गटांनाही चिकटते.

बाटली शीतपेटीतून काढल्याबरोबर उघडू नये. जुलैच्या हवेत थंड काचेवर क्षणात दव जमते, ते आत शिरते आणि मॅलेमाइड निकामी होते. रंग गुलाबीच राहतो, त्यामुळे बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि आठवडाभर ‘पेशीच चिकटवून घेत नाहीत’ असे वाटत राहते. बाटली शोषक घातलेल्या बंद डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी.

प्रकाशमार्ग

सुमारे ५३५ नॅनोमीटरचा उद्दीपन फिल्टर, ५६५ च्या आसपासचा द्विवर्णी आरसा आणि ५९० च्या पुढचा उत्सर्जन फिल्टर असलेला सरळ सूक्ष्मदर्शक, पाण्यात बुडणारे ४० पट वस्तुभिंग, स्थिर एलईडी आणि फोटोडायोड एवढ्यात काम भागते. पाऱ्याचा दिवा उजळ असतो, पण लुकलुकतो. इथे उजेडापेक्षा स्थैर्य मोलाचे. पेशीचा काळा अर्धगोल भिंगाकडे ठेवावा, कारण तिथले रंगकण आतल्या बलकाची स्वतःची चमक झाकतात.

अपेक्षित बदल मूळ प्रकाशाच्या थोड्याशा टक्क्यांचा असतो. १ टक्का बदल गोंगाटाच्या दसपट उठून दिसायचा, तर गोंगाट ०.१ टक्का हवा, आणि फोटॉनांच्या नैसर्गिक चढउतारामुळे त्यासाठी प्रत्येक नोंदीला किमान १० लाख फोटॉन मोजले गेले पाहिजेत. प्रकाश वाढवावा तर रंगद्रव्य विझते. म्हणून प्रकाशाची झडप फक्त उडीच्या काळात उघडावी, ५ ते १० नोंदींची सरासरी घ्यावी, आणि मालिकेच्या शेवटी पहिलीच उडी पुन्हा देऊन प्रतिसाद किती घटला ते पाहावे. चांदीच्या क्लोराइडवर प्रकाश पडला की त्यातून खोटे विभव उठते, म्हणून तारा काळ्या नळीने झाकाव्यात. प्रवाह आणि प्रकाश एकाच डिजिटायझरने, सारख्याच फिल्टरमधून नोंदवावेत. एकाला १ किलोहर्ट्झ आणि दुसऱ्याला १०० हर्ट्झचा फिल्टर लावला तर प्रथिन प्रवाहापेक्षा मागे राहते असा खोटा शोध लागतो.

भिंगांवरची बुरशी हा किनारपट्टीचा शाप आहे. वस्तुभिंगे रात्री सिलिका जेल घातलेल्या पेटीत ठेवावीत आणि जेल रंग बदलताच भाजून घ्यावे. बुरशीचे जाळे आधी प्रकाश विखुरते, मग काचेवरचा लेप खाते. सुट्टीत वातानुकूलन बंद ठेवून वीज वाचवणाऱ्या कार्यालयाशी यावरून आमचा दर मे महिन्यात वाद होतो.

नियंत्रण प्रयोग

प्रकाश हलला म्हणजे पंप हलला असे नव्हे. न टोचलेल्या पेशी त्याच रंगद्रव्यात बुडवून मोजाव्यात. नवे सिस्टीन न घातलेला पंप असलेल्या पेशी मोजाव्यात. दोन्हींचा प्रकाश विभवांतराबरोबर हलता कामा नये. मग खऱ्या पेशीवर १० मिलिमोलर औआबेन टाकावे: पंप जखडला की उडीला मिळणारा प्रकाशाचा प्रतिसाद नाहीसा झाला पाहिजे. भरपूर पोटॅशियम दिल्यावर पंप पूर्ण फेरीत गुंततो, ई१-पी आणि ई२-पी मधला समतोल मोडतो आणि विभवांतराला मिळणारा प्रकाशाचा प्रतिसाद बराच घटतो. प्रवाहात त्याच वेळी स्थिर पंपप्रवाह उभा राहतो. हे दोन बदल एकाच पेशीवर एकाच द्रावणबदलात दिसले, की बहुतेक शंका मिटतात. सिस्टीन आणि रंगद्रव्य लावलेला पंप मूळ पंपाइतकाच प्रवाह देतो का, हेही तपासावे. खुणेनेच पंप पांगळा झाला असेल तर आपण पांगळ्याची चाल मोजत असतो.

आकडे वाचणे

प्रत्येक उडीच्या प्रकाशरेषेवर एक घातांकी वक्र बसवून कालस्थिरांक (बदल किती वेगाने होतो ते सांगणारा काळ) आणि अंतिम बदल काढावा. अंतिम बदल विभवांतरासमोर मांडला की इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र येतो. त्यावर बोल्ट्झमनचे सूत्र बसवून मध्यबिंदू आणि परिणामी विद्युतभार मिळतो. सूत्रातली औष्णिक विभवाची राशी २५ अंशांना २५.७ मिलिव्होल्ट आणि ३० अंशांना २६.१ मिलिव्होल्ट असते, म्हणजे फरक किरकोळ. कालस्थिरांकाचे तसे नाही. पंपाचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे दुपारी दार सतत उघडझाप होणाऱ्या खोलीतले आणि रात्रीच्या शांततेतले आकडे एका आलेखावर मांडू नयेत. पेशीजवळच्या द्रावणाचे तापमान प्रत्येक मालिकेसोबत वहीत लिहावे.

त्यानंतर क्षणिक प्रवाहाचा कालस्थिरांक प्रकाशाच्या कालस्थिरांकाशेजारी ठेवावा. ७९० व्या स्थानावर ते जुळतात आणि त्यावरूनच तिथला प्रकाश ई१-पी व ई२-पी यांमधला बदल दाखवतो असे म्हणता येते. प्रकाश वाढला की कमी झाला याला स्वतःचा असा अर्थ नाही. रंगद्रव्याशेजारी पाणी आले की एखादे प्रकाश शोषून घेणारे अमिनो आम्ल आले, यावर ते अवलंबून असते. प्रकाश अमुक टक्के बदलला म्हणून भाग अमुक अँगस्ट्रॉम सरकला असे गणित कोणी मांडले तर त्याला तिथेच थांबवावे.

कालस्थिरांक जुळले नाहीत तर आधी फिल्टर, तापमान आणि विझणारे रंगद्रव्य तपासावे. ते निर्दोष निघाल्यावरच वेगळ्या पायरीचा विचार करावा. अशी पायरी असू शकते. बीटा उपघटकावर खूण लावली तरी प्रकाश विभवांतराला प्रतिसाद देतो, म्हणजे तो उपघटक नुसता सोबती म्हणून बसलेला नाही. जठरातला हायड्रोजन-पोटॅशियम पंप तर जेवढे भार बाहेर टाकतो तेवढेच आत घेतो, म्हणून त्याचा स्थिर प्रवाह मिळत नाही. पण मोठ्या उंदराच्या त्या पंपात ७९० शी जुळणाऱ्या ८०६ व्या स्थानी सिस्टीन घालून रंगद्रव्य लावले की विभवांतराबरोबर प्रकाश हलतो. सोडियम-पोटॅशियम पंपावर दोन्ही नोंदी किमान दहा पेशींत, निदान दोन वेगळ्या बेडकांच्या अंडपेशींत जुळल्या, की त्यानंतर या मुक्या पंपाकडे वळावे. तिथे ताडून पाहायला प्रवाह नसतो आणि न टोचलेल्या पेशींच्या नोंदी दुप्पट घ्याव्या लागतात.